आत्यांचं बटन

अहो, तुमच्यासाठी एक निरोप आहे. तुमच्या आईचा. तेवढा द्यायचा म्हणून कागद घेऊन बसलेय, नाहीतर आपल्या दोघांत लिहायबिहायची पद्धत कधी नव्हती. पण निरोप लगेच देणार नाही. आधी माझं बोलून घेते. तुम्ही असताना मी जरा लांबण लावली की "बरं बरं, कळलं बाई" म्हणत चपला पायात सरकवायचात. आता कुठं जाल?

परवा तुमचं मासिक झालं. स्टँडवर तुमच्या ड्रायव्हर मंडळींनी लावलेला फ्लेक्स अजून आहे. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली गुलाबाची फुलं आणि मध्ये कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला तुमचा चेहरा, फेट्यासकट. इतके गरीब आणि शहाणे दिसताय त्यात, की शाळेत शिकवायला जाताना रोज बघते आणि रोज राग येतो. तो माणूस कुणाशी कधी भांडला असेल असं वाटतच नाही. माझा नवरा भांडायचा.

आणि भांडणाचा विषय बहुतेक एकच, ती गाडी. मिरजगाव ते नगर, नगर ते मिरजगाव. नगरच्या दवाखान्यात जाणारे पेशंट, सावेडीत लेकाच्या फ्लॅटवर निघालेली म्हातारी माणसं, लग्नसराईत वऱ्हाड. ट्रिप मारून आलात की जेवायचं आणि परत गाडीतच जाऊन झोपायचं. घरात पंखा, पलंग, सगळं असून! लिंबाखाली गाडी लावायची, सीट थोडी मागं पाडायची, हायवेची धूळ नको म्हणून काचा वर घ्यायच्या, मागची एक बोटभर उघडी ठेवायची, आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेला डोकं टेकून घोरायचं. "पलंगावर मला झोप येत न्हाई बाई, गाडी बंद पडल्यावानी वाटतं." काय बोलायचं ह्यावर?

आत्यांना, म्हणजे तुमच्या आईला, लकवा झाला तोवर ह्या झोपेचं मला नुसतं हसू यायचं. सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत, मीही लग्नापासून तेच म्हणत आले. काय आवाज होता त्यांचा! बांधावर उभ्या राहून हाक मारली तर हायवेवरच्या ट्रकवाल्यानं ब्रेक दाबावा. लकव्यानं उजवी बाजू नेली आणि आवाजही नेला. उरले तीन शब्द: व्हय, न्हाई आणि बाळू, म्हणजे तुम्ही. तेही बाजेच्या पलीकडं ऐकू जात नाहीत. चौथा शब्द काढायचा तर सगळा चेहरा डाव्या बाजूला ओढून जोर लावावा लागतो.

आणि मग ती दुपार आली. मी शाळेत होते. आत्या ओसरीत बाजेवरून खाली घसरल्या आणि तांब्या फरशीवर आपटत राहिल्या. तुम्ही समोर लिंबाखाली, काचांच्या आत, गाणी लावून गाढ झोपलेले. मी आले तेव्हा तांब्याला पोचा पडला होता आणि आत्या नुसत्या छताकडं बघत होत्या. तुम्ही धावत आलात, त्यांना उचलून बाजेवर ठेवलंत, त्यांचे केस सारखे केलेत, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलात. मला कळलं नाही असं तुम्हाला वाटलं. अहो, एवढा वेळ नळ सोडून हात धुणारा माणूस नव्हता तुम्ही.

मी म्हटलं, आजपासून घरात झोपा. नाही. मी म्हटलं, मग दारावरची बेल आणा, गाडीपर्यंत वायर ओढा. त्यावर तुमचं उत्तर मला अजून पाठ आहे: "बेल झोपंत कुनाला ऐकू जातीया? काच खाली गेली तर डोक्याखालचा आधारच जाईल. मेलेला माणूसबी उठंल."

असं म्हणाला होतात तुम्ही.

दोन दिवसांत नगरला पेशंट सोडून येताना पिशवीभर सामान घेऊन आलात. एक रिमोट, त्याचा डबीएवढा रिसीव्हर आणि दोन रिले. वायर विकत आणली नाहीत. गणपतीच्या लायटिंगातून उरलेलं काळ्या वायरीचं भेंडोळं माळ्यावर होतं, ते काढलंत. ओसरीत मोबाईल भिंतीला टेकवून त्यात व्हिडिओ लावला आणि गाडीच्या दाराचं आतलं पॅड उचकटलंत. कटकट करत क्लिपा तुटल्या. मी म्हटलं, एवढे इलेक्ट्रिशियन बसलेत स्टँडजवळ, त्यांना द्या की काम. तर म्हणे, "माझी आई, माझी गाडी, तिथं दुसरा कशाला?"

रिले म्हणजे काय ते मी विचारलं नव्हतं. तुम्हीच सांगितलंत, तोंडात स्क्रू धरून. "हे बघ बाई, रिमोटचा करंट लई बारीक. काच वडायला मोटरीला दनकट करंट लागतो. मग मधी ह्यो ठिवायचा. ह्यो बारीक आवाज ऐकतो आन् तिकडं जोरात सांगतो."

"म्हणजे मी," मी म्हटलं. "आत्या पुटपुटतात, मी तुम्हाला ओरडून सांगते."

"तू शाळंत जातीस की. मग दुपारचा रिले कोन?"

आत्या बाजेवरून हे सगळं बघत होत्या. तेव्हा त्या हसल्या, आजारपणानंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडानं.

पहिल्यांदा बटन दाबलं तर काच खाली यायच्याऐवजी वरच जायला बघत होती. आधीच वर असलेली काच आणखी कुठं जाणार! मोटर नुसती कण्हायला लागली. तुम्ही दोन वायरींची अदलाबदल केलीत, शिव्या दिल्यात, परत दाबलंत, आणि काच घर्रकन खाली. आत्यांच्या डाव्या हातात रिमोट दिला. त्यांनी दाबला. तुम्ही गाडीत बसून काचेतून डोकं बाहेर काढलंत आणि ओरडलात, "आलो गं आई!" शेजारच्या शकूबाई भाकरी टाकायची सोडून बघायला आल्या.

तेवढ्यात मी माझं शंकेचं पिल्लू सोडलं. खाली जायची सोय झाली, वर जायचं काय? तुम्ही म्हणालात, त्याला दुसरा रिले लागतो, आणलाय, पण आता दार परत कोण उघडणार, बघू निवांत. आणि नाहीतरी गरज काय? "मी आत असतोच की. तिनं खाली केली की मी वर करतो."

मी म्हटलं, चावी बंद असताना चालतंय म्हणजे हे बॅटरीवरच जोडलंय. रात्रंदिवस चालू. बॅटरी उतरेल ना?

"आगं, गाडी रोज पळती, रोज चार्ज होती. तू पोरांना गनित शिकव, जा."

बघा, कसं जोडलं होतंत तुम्ही! काच वर करायला तुम्ही. बॅटरी भरायला तुम्ही. कुठली काळी वायर कुठं जाते, ते ठाऊक फक्त तुम्हाला. दुसऱ्यांदा विचारायला मी तरी कुठं गेले? मला वाटलं, असेल बरोबर. माणूस समोर उभा होता ना, बनियनवर, कानामागं टेस्टर अडकवून.

पण सुखाचे गेले हो ते महिने. आत्यांनी तुम्हाला वात आणला. पाणी हवं, दाबलं बटन. ऊन पायावर आलं, दाबलं. एकदा तर तुम्ही पळत आलात, पाणी देऊ? न्हाई. उशी? न्हाई. दुखतंय कुठं? न्हाई. आणि नुसत्या तुमच्या तोंडाकडं बघत बसल्या. तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "चेकिंग चाललंय साहेबांचं." आणि तिथंच बाजेच्या कडेवर टेकून त्यांचे पाय चेपत बसलात. मी आत पीठ मळत होते. मला तेव्हा वाटलं होतं ते आता सांगते. मी बोलावलं तर तुम्ही एका हाकेत कधी ओ दिली नाहीत, ह्याचं मला वाईट वाटलं, आणि असा नवरा मिळाला ह्याचं बरंही वाटलं. दोन्ही एकदमच. तेव्हा बोलून दाखवलं असतं तर तुम्ही आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत फिरला असता, म्हणून नाही बोलले.

एका रविवारी आत्यांना डुलकी लागली होती, तेव्हा मीच गंमत म्हणून बटन दाबलं. काच खाली, तुमचं डोकं बाहेर, "आलो गं आई!" आणि समोर मी, रिमोट घेऊन हसत. मला वाटलं तुम्हीही हसाल. तुम्ही हसला नाहीत. जवळ येऊन हळू म्हणालात, "ह्याच्याशी खेळायचं न्हाई, बाई. मी झोपंत एवढा एकच आवाज ऐकतो. एकदा का खोटी हाक कानात बसली, तर खऱ्या हाकंला उठायचो न्हाई." मी रिमोट आत्यांच्या हाताशी ठेवून दिला. पुन्हा कधी हात लावला नाही.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी उन्हाची घरी आले तर काच पूर्ण खाली होती. आणि तरी आत्या बटन दाबत होत्या. एकसारख्या. मोटर घर्र करून थांबायची, त्या परत दाबायच्या. तुमचं डोकं दाराच्या कडेवर टेकलं होतं, वाऱ्यानं केस हलत होते. आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि रिमोट माझ्यापुढं धरला. त्या किती वेळ दाबत होत्या, कुणाला ठाऊक. त्यांना सांगता येत नाही आणि मला विचारवत नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही कळलं नसेल त्यांना. तुम्हाला कळलं नसेल. आत्यांना कळलं.

दहाव्याला सीना नदीच्या काठी कावळा शिवेना. मी शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर भाषण देणारी बाई, पण तिथं मीही सगळ्यांसारखी झाडाकडंच बघत होते हो. भावकीतला एकेक जण हात जोडून पुढं झाला. बाळासाहेब, सोनूचं लग्न करू. म्हातारीला अंतर देणार न्हाई. गाडी इकणार न्हाई. कावळे झाडावर ओळीनं बसलेले, एक खाली येईना. आपली लेक सोनू रडून रडून बसून राहिली होती. शेवटी मी पुढं झाले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "आत्यांचं बटन चालू ठेवीन." आणि आला की हो एक! घेतला घास आणि गेला. भावकीला वाटलं गाडीच्या बोलीनं आला. मी कुणाला सांगितलं नाही. पण शब्द दिला तो दिला.

पाहुणे पांगले. आत्या तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून होत्या. एका दुपारी मी चपात्या लाटत होते आणि तो आवाज आला, घर्र. लाटणं तसंच हातात धरून बाहेर आले. काच खाली गेली होती. आत्या उशाला टेकून बसलेल्या, रिमोट हातात, नजर गाडीकडं. मी जवळ बसले. म्हटलं, आत्या, ते गेले ना. तुम्ही बघितलंत ना. "व्हय," म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या, मी पुसलं. जरा वेळानं मला खूण केली, काच वर कर. का, तर परत खाली करायला.

तेव्हापासून माझा हाच धंदा झालाय. शाळेतून आले की गाडीत जाऊन बसायचं, चावी फिरवायची, काच वर करायची. तुमची सीट एवढी मागं, माझे पाय कुठंच पोचत नाहीत. ती पुढं ओढता येते म्हणे, ओढली नाही मी. समोर तुमचा घामाचा रुमाल वाळून कडक झालाय. डॅशबोर्डच्या खणात दुसरा रिले पडलाय, प्लॅस्टिकच्या पुडीत, फोडलेलाही नाही. काच वर जाते, मी उतरून ओसरीपर्यंत येत नाही तोवर मागं घर्र होतं. एकदा मी आत असतानाच त्यांनी दाबलं. काच माझ्या तोंडासमोरून खाली गेली आणि पलीकडं आत्या, मान पुढं काढून, वाट बघत. मला काहीतरी बोलायला हवं होतं. आले आत्या, असं तरी. मी नुसती चावी फिरवली आणि काच परत वर केली.

एकदा त्या झोपल्यावर मी रिमोट घेतला. तुम्ही बजावलं होतंत, तरी घेतला. म्हटलं, आता खोटी हाक आणि खरी हाक, काय फरक पडतो? दाबलं. काच गेली खाली. मी उभी राहिले. अहो, मी खरंच वाट बघितली. एवढी शिकलेली बाई, लिंबाखालच्या गाडीकडं बघत ओसरीत उभी राहिले आणि वाट बघितली.

मग काच दमायला लागली. हळूहळू यायची, मध्ये अडखळायची. सोनू पुण्याहून फोनवर म्हणाली, आई, रोज इंजिन चालू करून ठेव थोडा वेळ. केलं. तुम्हाला गाडी गिअरमध्ये लावायची खोड, हँडब्रेकचा भरवसा नाही म्हणून. चावी मारल्याबरोबर गाडीनं बेडकासारखी उडी घेतली आणि लिंबाला धडकली. बंपर चिरलाय, सांगून ठेवते. बाजाराच्या मैदानावर मला गाडी शिकवत होतात, तेव्हा मीच रागानं उतरून चालत घरी आले होते. "वर्गातल्या पोरावानी दरडावतीस गाडीला," असं म्हणालात म्हणून. ते भांडणही तसंच राहिलं. त्या दिवसानंतर चावी पुढं फिरवायची माझी हिंमत झाली नाही, आणि एका सकाळी काच अर्ध्यावर येऊन थांबली. खालीही जाईना आणि वरही.

सोनू म्हणाली, "बरंच झालं आई. आता नको दुरुस्त करू. आजी दाबेल, काही होणार नाही, आणि विसरेल हळूहळू. तुझे हाल बघवत नाहीत मला." पोरगी खोटं बोलत नव्हती. पण आत्या दिवसभर बटन दाबायच्या, रिमोट गुडघ्यावर आपटायच्या, कानाला लावायच्या, परत दाबायच्या. जेवायला तोंड उघडेनात. शकूबाई म्हणाल्या, हे बघण्यापरीस ते बरं हुतं. मी शब्द दिलेला, कावळा साक्षीला. काय करणार होते?

काल स्टँडजवळच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन आले. त्यानं नवी बॅटरी बसवली. मी म्हटलं, दादा, हा दुसरा रिले पण लावून टाका, म्हणजे काच वरही जाईल रिमोटनं. त्यानं दाराचं पॅड काढून आत बघितलं आणि परत लावून टाकलं. "वैनी, समद्या काळ्याच वायरी हायेत. कुठली कुठं गेलीया ते एका बाळासाहेबालाच ठाऊक. हात लावला तर चालतंय तेबी बंद पडंल." तुमचं नाव घेऊन तो बिचारा गाडीच्या टपावर हात ठेवून जरा उभा राहिला आणि गेला.

मी काच वर केली, आत्यांच्या हातात रिमोट दिला आणि म्हटलं, दाबा.

त्यांनी दाबलं आणि काच खाडकन खाली. इतकी झोकात तर तुम्ही असतानाही येत नव्हती. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, मी लहान पोरीसारखी टाळी वाजवली. म्हटलं, बघा आत्या, झालं की नाही! तुमचं बटन चालू झालं!

आत्या गाडीकडं बघत राहिल्या. बराच वेळ. उघड्या काचेतून पलीकडचा रस्ता दिसत होता, एक टेम्पो गेला. मग त्यांनी मान हलवली आणि रिमोट माझ्यापुढं धरला. "न्हाई."

"अहो न्हाई काय? आली की खाली काच." मी धावत जाऊन काच वर केली. परत दाबायला लावलं. परत खाली. "आता?"

"न्हाई." आणि मग त्यांनी सगळा चेहरा डावीकडं ओढला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, लाळ आली, मी पदरानं पुसली, आणि एवढ्या महिन्यांत ऐकले नव्हते ते शब्द एकेक करून बाहेर आले. "बिघाडलं. त्येला... सांग."

मी म्हटलं, सांगते. दुसरं काय म्हणणार होते? त्यांनी डोळे मिटले. जेवल्या काल नीट. आज सकाळपासून रिमोटला हात लावलेला नाही, माझ्याकडं बघतात फक्त. सांगितलं का, असं विचारल्यासारखं.

तर हा निरोप. बारीक आवाज ऐकायचा आणि तिकडं जोरात सांगायचं, एवढंच माझं काम. अहो, आत्यांचं बटन बिघडलंय. बॅटरी नवी आहे, रिले ठीक आहे, काच खाली येते. पुढचं होत नाही. जरा येऊन बघता का?